छत्रीवाला बंद करायचा नाही

काटेकोररावांच्या हॉलमधल्या टीव्हीवर एक छत्रीवाला हवेत लटकला होता आणि त्याला खाली उतरवायची घरात कोणाची छाती होत नव्हती.

छत्रीवाला म्हणजे काटेकोररावांचा मुलगा कॉलेजसाठी परगावी गेला तेव्हा मागे टाकून गेलेल्या जुन्या व्हिडिओ गेममधला बोटभर माणूस. छत्री उघडून उड्या मारायच्या, वटवाघळं चुकवायची आणि एका उंच मनोऱ्याचा एकेक मजला चढायचा, एवढाच त्याचा संसार. मुलाला तो कधी अर्ध्या मनोऱ्याच्या वर नेता आला नाही. मुलाच्या आजीनं, म्हणजे काटेकोररावांच्या सासूबाईंनी, त्याला शेवटच्या मजल्यावर नेऊन ठेवला होता. त्यांच्या बोटांविषयी इथं थोडं सांगायलाच हवं. सासूबाईंनी उभा जन्म टायपिंगचा क्लास चालवला. न बघता, न चुकता आणि विद्यार्थ्यांवर डोळे वटारलेले असताना टाइप करणारी ती बोटं निवृत्तीनंतर रिकामी पडली होती. ती या खेळाच्या बटणांवर पडली आणि मनोऱ्यातल्या वटवाघळांचे दिवस भरले.

तर त्या दिवशी शेवटचा मजला आला. छत्रीवाल्यानं उडी घेतली, आणि नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरात दूध उतू चालल्याचा वास आला. सासूबाईंनी खेळ जागच्या जागी थांबवला, उठल्या, गॅस बंद केला आणि परत येताना पायपुसण्यावरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी लेकीचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुझ्या यजमानांना सांग, ते बंद करायचं नाही."

यजमान स्ट्रेचरचं दुसरं टोक धरून उभे होते. पण सासूबाई जावयाशी थेट बोलत नसत. लग्नाच्या दिवशीच काटेकोररावांनी कार्यालयवाल्याचा वजनकाटा तपासून तो खोटा असल्याचं सांगितलं होतं, आणि जेवणं उशिरा झाली होती. तेव्हापासून सगळा व्यवहार लेकीमार्फत.

काटेकोरराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सुज्ञांना सांगायला नको. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि हे नाव त्यांना बाजारपेठेनं दिलं होतं. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असले तर तारेत शिशाची गोळी ओवून पकडीनं दाबून सील लावायचं, खोटे असले तर खटला भरायचा. त्यांच्या सीलला हात लावायची बाजारात कोणाची टाप नव्हती. असा माणूस घरात असला की घर जरा अवघडून राहतं. बायको शाळेत शिक्षिका, त्यामुळे तिला शिस्तीचा त्रास नव्हता, पण तीसुद्धा चहात साखर घालताना पाठ करून उभी राहायची.

दवाखान्यात सासूबाईंच्या मांडीत रॉड घातला. ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. आता फक्त उभं राहायचं होतं. आणि तिथंच गाडी अडली. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज वॉकर घेऊन येई आणि रोज गोड आवाजात विनवी. सासूबाई रोज एकच उत्तर देत. "ज्या पायानं एकदा दगा दिला त्याच्यावर मी पुन्हा भार टाकणार नाही." मग लेकीकडे वळून विचारत, "चालू आहे ना गं ते?"

चालू होतं. कारण त्या जुन्या यंत्राला आठवण नावाची गोष्ट नव्हती. वीज गेली, वायर हलली की छत्रीवाला थेट तळमजल्यावर. म्हणून घरात इस्त्री बंद झाली. मिक्सर बंद झाला. इन्व्हर्टरला नवी बॅटरी आली. टीव्हीवर बातम्या दिसेनाशा झाल्या, तिथं चोवीस तास तो छत्रीवाला. बायको शाळेत निघताना त्याला "येते रे" म्हणू लागली. काटेकोररावांनी मात्र रोज यंत्राच्या पाठीला हात लावून ते किती तापलंय हे पाहायचं काम स्वतःकडे घेतलं.

एके दिवशी फिजिओवाल्या मुलीनं त्यांना दाराबाहेर बोलावलं. "आजींचा पाय बरा आहे काका. त्यांचं मन उठत नाहीये. असंच चाललं तर मग पायही उठणार नाही, कायमचा. त्यांना कशाची आवड आहे? ते आणा इथं."

घरी येऊन काटेकोरराव छत्रीवाल्यासमोर बसून राहिले. वॉर्डात टीव्ही नेता येत नव्हता. वायरीचं कुठलंही उपकरण आणायला मनाई होती, तशी पाटीच होती. याचा अर्थ एकच. हे यंत्र बॅटरीवर चालणारं, हातात धरता येणारं करायचं. आणि एक क्षणही बंद न पाडता करायचं.

"अहो, तुम्ही?" बायको म्हणाली. या दोन शब्दांत तिनं बरंच काही सांगितलं. घरातला फ्यूज बदलायलासुद्धा त्यांनी आजवर माणूस बोलावला होता.

"मी," काटेकोरराव म्हणाले.

बातमी शेजारी गेली. शेजारी हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना अंदाजे म्हणत. त्यांचं आणि काटेकोररावांचं पटणं निसर्गनियमाविरुद्ध होतं, तरी ते रोज येत. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझं ऐकाल तर त्या छत्रीवाल्याचा फोटो काढा आणि फ्रेम करून आजींच्या उशाशी ठेवा. यंत्र साधारण जळण्याचीच शक्यता."

"साधारण म्हणजे?"

"साधारण म्हणजे साधारण. आमच्याकडे तेवढं पुरायचं."

पण माणूस मनाचा मोकळा. सल्ला देऊन झाल्यावर माळ्यावरून आपल्या मुलांचं जुनं गेमचं यंत्र घेऊन आला. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात मुलांना गप्प बसवायला ठेवलेलं, आता स्वतःच गप्प पडलेलं एक यंत्र दिलं. बायकोनं शाळेच्या अडगळीतून तिसरं मिळवलं, मात्र मुख्याध्यापिकाबाईंनी त्यासाठी लेखी अर्ज घेतला आणि अर्जात 'कारण' म्हणून काय लिहावं यावर शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. असा हा सरंजाम जेवणाच्या टेबलावर मांडला गेला आणि घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवू लागली.

काटेकोररावांनी सुरुवात अंदाजेंच्या यंत्रापासून केली. ते उघडताच आतून झुरळांचं एक सुखी कुटुंब बाहेर पडलं आणि सोफ्याखाली राहायला गेलं. दातांच्या डॉक्टरांच्या यंत्राला तारा उलट्या लागल्या आणि त्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली. अंदाजे तेव्हा हजर होते. ते म्हणाले, "मी बोललो होतो." त्या दिवशी काटेकोररावांचा चेहरा पाहवत नव्हता. उभ्या बाजारात ज्यांनी कोणाचं चुकलेलं खपवून घेतलं नाही, त्यांचंच चुकलं होतं, आणि तेही शेजाऱ्यादेखत. जेवताना ते वर न बघता म्हणाले, "आणखी एक आहे."

आणि इथंच मला या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो. दुसरा असता तर फोटो फ्रेम करून मोकळा झाला असता. काटेकोरराव शिकले. तारांना डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, गरम काडी धरायला शिकले, बोटं भाजून घ्यायला शिकले, बॅटरीचं कुठलं टोक कुठं जातं ते रंगीत धागे बांधून पाठ करायला शिकले. दर वेळी आधी मेलेल्या यंत्रावर करून बघायचं, मोजायचं, पुन्हा मोजायचं, हा त्यांचा जन्माचा खाक्या इथं कामी आला. शाळेचं यंत्र त्यांनी बंद न पाडता भिंतीच्या विजेवरून बॅटरीवर नेलं. मग परत नेलं. मग पुन्हा. तोवर गॅरेजवाल्यानं एका मोडक्या गाडीतला, गाडी मागे घेताना बघायचा तळहाताएवढा पडदा काढून दिला होता, तोही जुळला. झुरळांच्या यंत्राची बटणं निघाली, धुराच्या यंत्राचा स्पीकर निघाला, आणि दोघांच्या खोक्यांचे अर्धे अर्धे भाग जोडून एक नवं खोकं तयार झालं. आता त्यात फक्त जीव घालायचा होता, आणि तो जीव हॉलमध्ये लटकत होता.

ऑपरेशनसाठी रविवार ठरला. जिवंत यंत्राचं प्लॅस्टिक न हलवता कापायचं काम दातांच्या डॉक्टरांनी आपणहून मागून घेतलं. ते आपलं बारीक ड्रिल घेऊन आले, मास्क लावला, यंत्राच्या अंगावर वाकले आणि सवयीनं म्हणाले, "जरासं जाणवेल हं." बायको टॉर्च धरून. अंदाजे इन्व्हर्टरपाशी, कशालाही हात लावायचा नाही या अटीवर. ड्रिल फिरू लागलं. पडद्यावरचा छत्रीवाला एकदा थरथरला आणि चौघांच्याही तोंडचं पाणी पळालं. मग तो स्थिर झाला.

टरफल सुटलं. काटेकोररावांनी बॅटरीच्या दोन तारा आत टेकवल्या, डाग दिला, छोटा पडदा जोडला, बटणं जोडली. आता भिंतीतला यंत्राचा प्लग काढायचा होता. त्यांचा हात पुढे गेला आणि थांबला.

"तू काढ," ते बायकोला म्हणाले.

"मी कशी काढू? माझ्या आईचा जीव आहे त्यात."

"म्हणूनच."

बायकोनं डोळे मिटून प्लग ओढला. चित्र छोट्या पडद्यावर गेल्यानं टीव्ही काळा होता म्हणून कोणाला काही कळेना. मग काटेकोररावांनी छोट्या पडद्यावर बोट ठेवलं. तिथं, तळहातावर, छत्री उघडी ठेवून, तोच तो लटकत होता. दातांचे डॉक्टर मास्कच्या आतून काहीतरी बोलले ते कोणाला कळलं नाही. अंदाजेंनी कबूल केलं की त्यांचा अंदाज साधारण चुकला.

नव्या खोक्यात बसवल्यावर ते यंत्र दोन्ही हातांत जेमतेम मावत होतं. काटेकोररावांनी ते सवयीनं काट्यावर ठेवलं आणि आकडा कोणाला सांगितला नाही. रात्री ते चार्जरला लावलं आणि सोमवारी, पूर्ण भरलेली एक जादा बॅटरी खिशात घालून, साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा काढून ते बायकोसह दवाखान्याच्या दारात उभे राहिले.

दारावरच्या माणसानं त्यांना विद्युत विभागाच्या पर्यवेक्षकांकडे पाठवलं. पर्यवेक्षक जाग्यावर नव्हते. आले तेव्हा त्यांनी यंत्र सर्व बाजूंनी पाहिलं. वायर नाही हे मान्य केलं. "पण हे खोकं उघडतं," ते म्हणाले. "पेशंटनं उघडलं, आत बोट घातलं, तर जबाबदारी कोणाची? हे उघडता येणार नाही असं करा. मग न्या."

आता या ठिकाणी काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं. काटेकोररावांच्या बॅगेत सीलची पकड, तार आणि शिशाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे होत्या, कारण दुपारी त्यांना बाजारात जायचं होतं. समोर एक अधिकारी वस्तू बंद करायला सांगत होता. उभ्या नोकरीत त्यांचे हात जे करत आले तेच त्या हातांनी केलं. भोकांतून तार ओवली, गोळी घातली, पकड दाबली. कट्ट. वर सरकारी ठसा. पर्यवेक्षक खूश झाले, काटेकोररावही झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना आपल्या हुद्द्याला साजेसं काहीतरी केल्यासारखं वाटलं. पर्यवेक्षकांची वाट बघण्यात बॅटरी किती उतरली हे बघायचं त्या भरात राहून गेलं.

वॉर्डात सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. फिजिओवाली मुलगी वॉकर घेऊन बाजूला हताश उभी होती. लेकीनं यंत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

सासूबाईंनी चष्मा लावला. पडद्याकडे पाहिलं. छत्रीवाल्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उशीला टेकून बसत्या झाल्या, दोन्ही हातांनी यंत्र उचललं आणि म्हणाल्या, "जड आहे."

"हो," काटेकोरराव म्हणाले.

"मी तुझ्याशी बोलतेय गं," त्या लेकीला म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती. बोटं बटणांवर गेली. छत्रीवाला इतक्या दिवसांची ती उडी पूर्ण करून पलीकडे टेकला आणि वॉर्डातल्या शेजारच्या पलंगांवरची माणसं माना वर करून बघू लागली. वटवाघळं आली. सासूबाईंची पाठ ताठ झाली. एक जिना, दुसरा जिना. वर, अगदी वर, दार दिसू लागलं.

तेवढ्यात खोक्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागला.

सासूबाईंनी खेळ थांबवला. "हे काय?"

"बॅटरी उतरली," काटेकोरराव म्हणाले आणि खिशातून दुसरी काढली. "आधी ही जोडायची, मग ती काढायची. काही बंद पडत नाही. मी सगळं बघून ठेवलंय. फक्त खोकं उघडून..." आणि ते थांबले. त्यांची नजर सीलवर गेली होती.

"अहो, उघडा ना," बायको म्हणाली.

"सील आहे."

"तुम्हीच लावलंय ना?"

"लावणाऱ्यानं तोडायचं नसतं. ते दुसऱ्या अधिकाऱ्यानं, आदेशानं, पंचांसमक्ष. कितीतरी लोकांवर मी स्वतः खटले भरलेत." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "थांब, साहेबांना विचारतो."

साहेबांनी फोन उचलला. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वस्तू कोणत्या वर्गातली? वजन की माप?"

"दोन्ही नाही साहेब. खेळ आहे. सासूबाईंचा."

"मग त्याला आपलं सील लागलंच कसं? हे सील नियमबाह्य आहे. नियमबाह्य सीलची आधी चौकशी होते. चौकशी होईपर्यंत त्याला हात लावू नका."

"साहेब, दिवा लुकलुकतोय."

"तेही चौकशीत येईल," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

काटेकोरराव फोन हातात धरून उभे राहिले. दिवा आता जास्त वेगानं लुकलुकत होता. खोलीच्या पलीकडे, खिडकीजवळच्या टेबलावर नर्सचा ट्रे होता, त्यात बँडेज कापायची कात्री चमकत होती. बायकोला ती दिसली. फिजिओवाल्या मुलीलाही दिसली. पण काटेकोररावांचा चेहरा पाहून कोणाचं पाऊल उचलेना. हा माणूस आयुष्यात एकाच गोष्टीवर उभा राहिला होता आणि ती मोडायला त्याला कसं सांगायचं, हे त्याच्या बायकोलाही सुचत नव्हतं. त्यांना स्वतःला मोडायची होती, हेही खरं. त्यांचा हात दोनदा तारेपर्यंत गेला आणि दोनदा परत आला.

"काय माणसं आहात," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी यंत्र चादरीवर ठेवलं. पांघरूण बाजूला केलं. एक पाय खाली सोडला, मग रॉडचा. पलंगाची दांडी धरून त्या उभ्या राहिल्या, पुढच्या पलंगाची दांडी धरली, मग त्याच्या पुढची, मग टेबलाची कड. कात्री घेतली. वळल्या. तशाच परत आल्या. फिजिओवाल्या मुलीनं वॉकर पुढे केला होता तो हवेतच राहिला. सासूबाईंनी तार कात्रीत धरली आणि कापली. शिशाची गोळी फरशीवर पडून पलंगाखाली घरंगळत गेली.

काटेकोररावांना यातलं काही दिसलं नव्हतं. त्यांचे डोळे सारा वेळ त्या दिव्याला चिकटलेले होते. तार तुटताच ते यंत्रावर तुटून पडले, झाकण उघडलं, नवी बॅटरी जोडली, जुनी काढली. छत्रीवाला हलला नाही. दिवा स्थिर झाला. तेव्हा कुठं त्यांनी घाम पुसून मान वर केली. शेजारी सासूबाई कात्री घेऊन उभ्या होत्या.

"आई, तुम्ही उभ्या का?" ते म्हणाले. "बसा ना."

लेकीच्या तोंडून हुंदका फुटला. फिजिओवाली मुलगी रडत होती की हसत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. काटेकोरराव आधी सगळ्यांकडे, मग सासूबाईंच्या पायांकडे आणि मग पलंगापासून टेबलापर्यंतच्या रिकाम्या फरशीकडे बघत राहिले. ते अंतर डोळ्यांनी मोजत होते. मग त्यांना एकदम खाली बसावं लागलं.

सासूबाईही बसल्या, पण घाई न करता. यंत्र मांडीवर घेतलं, चष्मा सारखा केला आणि शेवटचा जिना चढून छत्रीवाल्याला दारात नेला. दार उघडलं. तो छत्री मिटून आत गेला. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग पुन्हा मनोरा दिसू लागला, तळमजला, आणि खाली कोपऱ्यात, छत्री उघडून, तोच उभा.

"एवढंच?" शेजारच्या पलंगावरून कोणीतरी विचारलं.

"एवढंच कसं?" सासूबाई म्हणाल्या. "परत चढायचंय." मग त्यांनी लेकीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि मान जावयाकडे वळवली.

"चौकशीत नीट लिहा," त्या थेट त्यांना म्हणाल्या. "सील मी तोडलं. चालत जाऊन."